दाढेआधी भीती काढा: राज्याच्या आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण खात्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसंच शासकीय दंत महाविद्यालयांतल्या बालदंतरोग विभागांचे प्रमुख यांस,

स. न. वि. वि.

पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सतरा वर्षं शिकवते आहे. दातांच्या उपचारावेळी डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारा हेडसेट लावला तर मुलांची भीती कमी होते का, हे सरकारने नीट तपासावं, ही मागणी घेऊन मी लिहिते आहे. दुपारी खिचडी वाढताना मुलांच्या तोंडाकडे लक्ष जातंच. माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी खिचडीतला मटकीचा दाणा न् दाणा जिभेने बाजूला सारते आणि ताटलीच्या कडेला ठेवते. घास फक्त उजव्या बाजूने चावते. हिवाळ्यात पाणी पिताना मान कलती करते, म्हणजे गार पाणी डाव्या दाढेला लागू नये. तिच्या खालच्या दोन दुधाच्या दाढा किडून पोकळ झाल्या आहेत, आणि त्यांच्या मागे सहाव्या वर्षी आलेल्या कायमच्या दाढेवरही आता काळा डाग दिसतो. ती दाढ पडून दुसरी येणार नाही, हे तिच्या आईला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून दाखवलं तेव्हाच कळलं.

हा कार्यक्रम आमच्याच भागातून सुरू झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला त्याचा देशपातळीवरचा शुभारंभ झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातांची कीडही आहे. पथक येतं, मनापासून तपासतं, कार्डावर नोंद करतं, पुढच्या उपचारासाठी रेफरची चिठ्ठी देतं. यंदा माझ्या शाळेत दातांसाठी चौदा चिठ्ठ्या निघाल्या. उपचार झाले दोघांचे.

बाकीच्या बारा घरी मी स्वतः जाऊन आले. बस वेळेवर नाही, एका दिवसाची मजुरी बुडते, ही कारणं होतीच. "दुधाचेच दात आहेत, पडणारच की" हेही ऐकलं. पण पालकांनी सगळ्यात जास्त वेळ बोलून दाखवलं ते वेगळंच होतं. पोर खुर्चीत बसत नाही, तोंड उघडत नाही, लोकांसमोर शोभा होते, डॉक्टर परत पाठवतात. एका आजीने सांगितलं, पोराची दाढ ठणकली की ती तिथे मशेरी लावते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडात तंबाखू गेली, आणि ती गेली दवाखान्याच्या धास्तीपोटी.

त्या मुलीला तिच्या आईसोबत मीच तालुक्याच्या ठिकाणी घेऊन गेले होते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्या रुग्णालयाची नाही. बाहेरच्या बाकावर दोन तास बसलो. आतून मशिनचा तो बारीक, चिरका आवाज येत होता, आणि मधेच कोणाचं तरी "आ" ऐकू यायचं. दर वेळी ती आईच्या पदरात आणखी शिरायची. आमचा नंबर आला. डॉक्टर तरुण होत्या, सुरुवातीला गोड बोलल्या, नाव विचारलं, शाळा विचारली. मग ट्रेवरची सिरिंज उचलली आणि मुलीने ओठ घट्ट मिटले. बाहेर तीस-चाळीस माणसं ताटकळलेली. डॉक्टरांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा मावशींना हाक मारली. आईने पाय धरले, मावशींनी हात, वॉर्डबॉयने डोकं, आणि मी खांदे. मी हे लपवत नाही, मीही धरलं. तिच्या पायांची बोटं मला अजून दिसतात. मुठीसारखी आत वळलेली, पांढरी पडलेली. सुई अर्धी गेली, तिने मान झटकली, डॉक्टरांच्या बोटाला चावली. आम्ही चिठ्ठी घेऊन परत आलो. पुढच्या खेपेला पथकाची गाडी शाळेच्या वळणावर दिसली तेव्हा ती पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली. पांढरा कोट पाहिला तरी आता तिचं तोंड बंद होतं.

मुलाला घट्ट धरून ठेवणं हा आपल्याकडे उपचाराचाच भाग समजला जातो. परदेशातही वेगळं नव्हतं. मूल ओरडू लागलं की तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची पद्धत अमेरिकेत बालदंतवैद्यकाच्या शिक्षणात होती. तिथल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने ती २००६ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. म्हणजे रीत कितीही जुनी असली तरी मोडता येते. आणि आपण घरच्यांनीही काही कमी केलेलं नाही. "गप बैस, नाहीतर डॉक्टरकडे नेऊन सुई टोचायला लावीन" हे वाक्य ऐकल्याशिवाय मोठं झालेलं मूल मला अजून भेटायचं आहे. वर्गात हे वाक्य माझ्याही तोंडून गेलेलं आहे. आता मी ते सोडलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला बहिणीकडे गेले होते. तिच्या मुलीच्या दाढेचं काम होतं. भाची दहा वर्षांची. खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला आधी आरसा हातात दिला, हवेचा फवारा तिच्या नखावर सोडून दाखवला, आणि मग डोळ्यांवर हेडसेट लावला. आत समुद्राचा तळ, मासे, एक कासव. हिरडीवर जेल लावून झालं, मग इंजेक्शन. मी मुद्दाम तिच्या पायांकडे बघत होते. सुई गेली तेव्हा बोटं एकदाच आखडली आणि हळूहळू सैल झाली. अर्ध्या तासाने बाहेर आल्यावर तिने विचारलं, कासव शेवटी गेलं कुठे? मला तिचा आनंद झाला, आणि घशात काहीतरी अडकलंही. दोघी साधारण बरोबरीच्याच मुली. एकीच्या आईला दवाखाना निवडता आला, दुसरीच्या आईला पाय धरावे लागले.

घरी आल्यावर मिळेल ते वाचलं, दंतवैद्य झालेल्या एका माजी विद्यार्थिनीकडून समजून घेतलं. हे खूळ नाही, याच्यामागे तीस वर्षांचं काम आहे. १९९६ पासून अमेरिकेतल्या सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी जळालेल्या रुग्णांचं दुखणं कमी करायला आभासी जग वापरून बघितलं, आणि पुढे त्यांच्यासाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचं खास जग तयार केलं. भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग बदलताना रुग्ण बर्फाच्या दरीतून जातो, पेंग्विनांवर आणि हिममानवांवर बर्फाचे गोळे फेकतो. २००० साली त्यांनी दोन किशोरवयीन मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला, दुसऱ्याच वर्षी दातांच्या उपचारांतही हा प्रयोग केला, आणि २००४ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं की या काळात वेदनेशी निगडित भागांची हालचालच कमी होते. कारण समजायला अवघड नाही. दुखणं जाणवायला लक्ष लागतं आणि लक्ष मोजकंच असतं. ते दुसरीकडे पुरेपूर गुंतलं, तर दुखण्याच्या वाट्याला कमी येतं. खेळताना गुडघा फुटलेलं मूल खेळ संपल्यावर रडतं, हे आम्ही मैदानावर रोज बघतो.

मला जास्त महत्त्वाचा वाटला तो इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातला एक अभ्यास, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. दातांचे उपचार घेणाऱ्या ७९ प्रौढांपैकी काहींना आभासी समुद्रकिनारा दाखवला, काहींना आभासी शहर, आणि काहींना काहीच नाही. किनारा बघणाऱ्यांना दुखणं कमी जाणवलं. शहर बघणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही. आणि तो किनारा त्यांच्याच भागातला होता, वेम्बरीचा. म्हणजे नुसतं यंत्र डोळ्यांवर चढवून भागत नाही. आत काय दिसतं यावर सगळं आहे.

इथे मला माझी मुलं आठवतात. त्यांना बर्फ माहीत नाही, पेंग्विन त्यांनी पुस्तकात पाहिला. त्यांना पाऊस माहीत आहे. नदीचं गढूळ पाणी उतरल्यावर खडकांच्या फटीत खेकडे कसे सापडतात हे माहीत आहे. तारप्याचा सूर लागला की पाय कसे आपोआप गोलात जातात हे माहीत आहे. भाची ज्या समुद्रात रमली त्यात मागून इंग्रजीत कोणीतरी बोलत होतं. तिला कळलं, माझ्या वर्गातल्या मुलीला काय कळणार? तिच्या घरात वारली बोलतात, माझी प्रमाण मराठीसुद्धा तिला पहिलीत परकी होती. घाबरलेल्या मुलाशी परक्या भाषेत बोललं की त्याची भीती वाढते, हे कोणत्याही अंगणवाडी ताईला विचारा. डहाणू-बोर्डीचा किनारा, भाताची खाचरं, भिंतीवरची वारली चित्रं हळूहळू चालू लागलेली, आणि कानात घरच्या बोलीतली गोष्ट. दहा मिनिटांचं एवढं काम आपल्या राज्यातल्या कला आणि चित्रपट शिकणाऱ्या मुलांना सहज जमेल. गडचिरोलीसाठी माडियात, नंदुरबारसाठी भिलीत वेगळं करता येईल. चित्र मात्र असं हवं की बघायला मान वळवावी लागणार नाही. डॉक्टरांच्या हातात सुई असताना मुलाने कासवामागे डोकं फिरवलं तर काय होईल, ते मला माझ्या विद्यार्थिनीने समजावलं.

माझ्या शंकाही लिहिते, कारण त्या न लिहिता मागणी केली तर उद्या त्याच शंका पुढे करून फाईल बंद होईल.

आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांतही लहान मुलांवर असे अभ्यास झाले आहेत आणि बऱ्याच अभ्यासांत मुलांची भीती कमी झालेली आढळली. पण यातले बहुतेक अभ्यास थोड्या मुलांवरचे आहेत. शिवाय कोणाच्या डोळ्यांवर हेडसेट आहे हे सगळ्यांनाच दिसतं, त्यामुळे तपासणाऱ्याच्या मनातलं झुकतं माप पूर्ण टाळता येत नाही. म्हणून उद्याच्या उद्या राज्यभर हेडसेट वाटा, असं मी म्हणत नाही.

दुसरी शंका वयाची. मेटा कंपनीने आपल्या हेडसेटसाठीची वयाची अट २०२३ मध्ये तेरावरून दहावर आणली. माझी बहुतेक मुलं सहा ते नऊ वर्षांची आहेत. यंत्राचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास, लहान डोक्याला ते पेलत नाही, नाकावर इतकं खाली येतं की वरच्या दातांचं काम करताना डॉक्टरांच्या हाताला अडतं. फीट येणाऱ्या मुलाला ते लावू नये. काही मुलांना तर डोळे झाकले की जास्तच भीती वाटते; अशांच्या हातात आरसा देऊन जे चाललंय ते दाखवलेलं बरं. कोणत्या वयाला काय चालेल, किती मिनिटं चालेल, कोणाला अजिबात नको, याचा निर्णय विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर सोडता येणार नाही. तो बालदंतवैद्य, नेत्रतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून लेखी द्यायला हवा. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी छताला लावलेला साधा पडदा आणि कानात गोष्ट, एवढ्यानेही काम होईल का, हेही त्यांनीच तपासावं.

तिसरी शंका मला सगळ्यात मोठी वाटते. डोळे झाकून मुलाला फसवायचं साधन म्हणून हेडसेट वापरला गेला, तर आज चार जणांनी धरून होतं त्यापेक्षा वाईट होईल. मुलाला कासव दाखवलं आणि न सांगता सुई टोचली, की त्याचा डॉक्टरांवरचा विश्वास गेला आणि कासवावरचाही. बालदंतवैद्यकात 'सांगा, दाखवा, करा' ही पद्धत १९५९ पासून शिकवतात. आधी मुलाच्या शब्दांत सांगायचं, मग अवजार दाखवायचं, मग करायचं. आम्ही शिक्षकही ज्ञाताकडून अज्ञाताकडेच जातो. हेडसेट हा त्याच्या पुढचा टप्पा. दुखलं तर डावा हात वर कर, मी थांबेन, हे ठरवून घ्यायचं, आणि हात वर आला की खरंच थांबायचं. बधिर करणारं औषध पुरेसं द्यायचंच. चित्र बघतंय म्हणून त्यात काटकसर करायची नाही.

आणि शेवटची काळजी, जी सरकारी शाळेत काम करणाऱ्या कोणालाही सांगावी लागणार नाही. आमच्या शाळेत डिजिटल वर्गासाठी आलेला प्रोजेक्टर चार वर्षं कपाटात आहे. दिवा गेला, तो कोणी बदलायचा हे कागदावर कुठेच नाही. दिवा बदलता येईना, रजिस्टरमध्ये मात्र प्रोजेक्टर दरवर्षी नव्याने नोंदला जातो. हेडसेटचंही तसंच होईल. चार्ज कोण करणार, प्रत्येक मुलानंतर पुसणार कोण, चेहऱ्याला लागणारं बदलायचं आवरण कोणत्या खर्चातून येणार, नेट नसलेल्या गावात चित्रं चालणार कशी, हे आधी ठरवा आणि मगच यंत्र घ्या.

आता मागणी.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत बालदंतरोग विभाग आहेत, पदव्युत्तर विद्यार्थी आहेत, त्यांना प्रबंधाला विषय हवेच असतात. मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही सोबत घेता येईल. आमच्या भागातून पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रलला उतरलं की ते जवळच आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या देखरेखीखाली या सगळ्यांनी मिळून एकच मोठा अभ्यास करावा, नीतिमत्ता समितीची परवानगी घेऊन, पालकांना त्यांच्या भाषेत समजावून. मुलाला किती भीती वाटली एवढंच मोजू नका. ते मूल पुढच्या तारखेला परत आलं का, हे मोजा. आम्हा शिक्षकांना त्यापेक्षा मोठा पुरावा नको. आणि अभ्यासात आदिवासी तालुक्यांतली, बाल स्वास्थ्य पथकाने चिठ्ठी दिलेली मुलं मुद्दाम घ्या, फक्त शहरातली नकोत.

निकाल चांगला आला तर जिथे लहान मुलांची दाढ काढतात वा भरतात अशा जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत एक-एक संच द्या, एका परिचारिकेला वा सहायकाला त्याचं प्रशिक्षण आणि जबाबदारी लेखी द्या. दातांच्या खुर्चीच्या किमतीपुढे हा खर्च फार नाही. उलट भीतीपोटी ज्या मुलांचे दात शेवटी पूर्ण भूल देऊन करावे लागतात, त्यांच्यासाठी ऑपरेशन थिएटर लागतं, भूलतज्ज्ञ लागतो, आणि तोवर किड आणखी खोल गेलेली असते. तो खर्चही कधीतरी मोजून बघा.

अभ्यास संपेपर्यंत थांबायची गरज नसलेल्या गोष्टीही आहेत. आठवड्यातला एक दिवस, निदान अर्धा, फक्त मुलांसाठी राखीव ठेवा, म्हणजे डॉक्टरांच्या पाठीमागे चाळीस माणसांची रांग नसेल. मुलांना मोठ्यांच्या किंचाळ्या ऐकत बाकावर बसवू नका. पहिल्या भेटीत सुई नको, फक्त खुर्ची वर-खाली करून दाखवा. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे किडीवर लावायचं औषध जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्याला ड्रिल लागत नाही, सुई लागत नाही. किडलेला भाग काळा पडतो, तो डाग पालकांना आधी सांगावा लागतो, पण लहान मुलाच्या मागच्या दाढेवर तो कोणाला दिसणार आहे? कीड वेळेत थांबली तर कित्येक मुलांना त्या मोठ्या खुर्चीपर्यंत जावंच लागणार नाही.

देशातल्या दातांच्या आजारांची जी राष्ट्रीय पाहणी २००२-०३ मध्ये झाली, तिच्यात पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांचे दात किडलेले होते, बारा वर्षांच्यांचंही तेच. ही सगळी मुलं कधी ना कधी कोणत्या तरी खुर्चीत बसणार आहेत, किंवा बसायला नकार देणार आहेत.

आपल्यापैकी कोणाला पाहायचं असेल तर शाळेत जरूर या. गाडी वळणावरच उभी करा आणि पांढरा कोट घालू नका. दुपारी एकच्या सुमारास खिचडी असते. ती दुसऱ्या ओळीत बसते, खिडकीशेजारी. पुढच्या महिन्यात तिची नवी तारीख आहे. या वेळी आईने मला विचारलं, बाई, धरावं लागेल का? मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.

आपली,
जिल्हा परिषदेची एक प्राथमिक शिक्षिका
जि. पालघर